गुडघ्यावर बांधलेलं पान

शेळीचा कान ही काही तरण्या मुलीनं खाटकाच्या दुकानात जाऊन मागावी अशी वस्तू नव्हे. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मी नगरात ती आठवड्यातून दोनदा मागत होते. खाटीक आधी नुसताच हसायचा. पुढं तो माझ्यासाठी कान बाजूला काढून ठेवायला लागला आणि एकदा त्यानं फार गंभीरपणे विचारलं, "बाई, तुमचं कुत्रं लई मोठं हाय का?" मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यानं कान द्यायचे बंद केले असते.

खरं असं होतं, की त्या कानाचं कातडं खरवडून पातळ करून मी ते काचेच्या नरसाळ्याच्या तोंडावर ताणून बांधत असे. कातड्यावर औषध फासायचं, खाली कोमट मिठाचं पाणी ठेवायचं, आणि औषध कातड्यातून झिरपून पाण्यात उतरतं का ते बघत बसायचं. पाण्यात एका द्रावणाचे दोन थेंब टाकले, की औषध उतरलेलं असलं तर पाणी दुधासारखं गढूळ व्हायचं, नसलं तर तसंच नितळ राहायचं. त्या वर्षी माझं सगळं सुखदुःख त्या दोन थेंबांवर अवलंबून होतं.

मी रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली होती आणि मलमं करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होते. कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन शेडी, एक भट्टी आणि डब्या भरणाऱ्या सहा बायका. तिथं वॅसलीन आणि मेणात झाडपाला उकळून मलमं करायचे. मालकांना मात्र नवीन खूळ लागलं होतं. मेणाचं मलम कातडीवर नुसतं बसून राहतं, औषध आत जातच नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांना पाण्यातलं, आरपार दिसणारं, चोळलं की नाहीसं होणारं काहीतरी हवं होतं. वनस्पतीचा अर्क त्यातून थेट दुखऱ्या सांध्यापर्यंत पोचावा, असा त्यांचा बेत. त्याला ते जेल म्हणायचे आणि ते करायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं होतं.

आधी मी कोरफडीच्या गरात अर्क मिसळला. तिसऱ्या दिवशी त्याला असा वास सुटला की बायकांनी डबी शेडीबाहेर नेऊन ठेवली. मग इसबगोल भिजवून पाहिलं, तर बेडकाची अंडी झाली. डिंक बरा वाटला, पण आठवड्यात त्याला दाढी फुटली. शेवटी मालकांनी कापडाच्या गिरणीत खळीला वापरतात ती एक पांढरी पूड मुंबईहून आणली. ती पाण्यात घोटली, थोडं ग्लिसरीन, थोडं स्पिरिट, चिमूटभर कापूर घातला, आणि सकाळी बघते तो काचेसारखी स्वच्छ, थरथरणारी जेल तयार. मी ती उन्हात धरून कितीतरी वेळ बघत बसले होते.

अर्क कशाचा घालायचा हा प्रश्न माझ्यापुरता आधीच सुटलेला होता. आमचं गाव घोडेगावजवळ, दोन-अडीच मैलांवर. माझे वडील, अण्णा, शेती सांभाळून वैद्यकी करायचे. सांधेदुखीवर ते धोतऱ्याच्या पानांचं तेल करत आणि आसपासच्या गावांतून माणसं त्यासाठी येत. त्या तेलाबाबत त्यांचा एक नियम होता. ते तेल कुणाला घरी न्यायला मिळायचं नाही. रोग्यानं यायचं, अण्णा स्वतःच्या हातानं चोळणार, उरलेलं पुसून घेणार आणि बरणी पुन्हा कुलपात. "धोतरा माज्या हातातनं भाईर जानार न्हाई," असं ते म्हणायचे, कारण विचारलं तर कधी सांगायचे नाहीत. त्या वयात मला वाटायचं, ज्याला कारण सांगता येत नाही त्याच्याजवळ कारण नसतंच.

मी अण्णांचं तेल गुपचूप बाटलीत आणून शेळीच्या कानावर लावून पाहिलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खालचं पाणी नितळ. दुसऱ्या दिवशी धोतऱ्याचा अर्क घातलेली माझी जेल लावली. दोन तासांत पाणी गढूळ. मी पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. दर खेपेला तेच. वडिलांच्या आयुष्यभराच्या तेलातून काहीच आत जात नव्हतं, आणि माझ्या जेलमधून जात होतं. मला आनंद झाला हे कबूल करते. थोडी कीवही आली, तेही कबूल करते.

माझ्या स्वभावाविषयी इथं सांगायला हवं. मी जात्याच भित्री. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी, एसटीत बसल्यावर शेगडी विझवली का म्हणून पुढल्या थांब्यावर उतरून परत जाणारी. त्यामुळं ती जेल मी कुणाला अशीतशी दिली असती असं समजू नका. आधी स्वतःच्या मनगटावर लावली. मग दंडावर, मग गुडघ्यावर. दर तासाला आरशात डोळे बघितले, नाडी मोजली, घोटभर पाणी पिऊन घशाला कोरड पडली नाही ना ते पाहिलं. चार दिवस हे चाललं. काही म्हणजे काही झालं नाही. काळजी करणाऱ्या माणसाला एक वेडी खात्री असते, की आपण इतकी काळजी केलीय म्हणजे आता काही राहिलेलं नसणार. त्या खात्रीवर मी एक डबी पिशवीत टाकली आणि सुट्टीला गावी गेले.

डबी आईसाठी होती. आईचे दोन्ही गुडघे आठ-नऊ वर्षांपासून धरलेले. अण्णा तिला रोज तेल चोळायचे, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मग पुन्हा उठताना जोत्याला धरून "आई गं" सुरू. त्यात सगळ्यात मोठं दुःख गायीचं. आमच्याकडं गाय घ्यायची तर आई बाजारात जायची. घोडेगावचा जनावरांचा बाजार मोठा, तिथं बाईमाणूस दिसायचं नाही, पण आई जायची आणि व्यापारी तिला वचकून असायचे. ती गायीजवळ उकिडवी बसे, चारी सडं एकेक करून पिळून बघे, आणि मगच "घ्या" किंवा "चला" म्हणे. गुडघे गेल्यापासून बसणं बंद झालं. मागल्या खेपेला अण्णा एकटे जाऊन गाय घेऊन आले, तिचं एक सड मुकं निघालं, पिळलं तरी धार नाही. तेव्हापासून आमच्या घरात त्या सडाचा उल्लेख झाला नाही असं जेवण झालं नाही.

"यात काय हाय?" आईनं डबी उघडून विचारलं.

"निरगुडी," मी म्हणाले.

निरगुडी होतीच. धोतऱ्याचं मी बोलले नाही. आईच्या पोटात काही राहायचं नाही, संध्याकाळी भाकरी वाढताना ते अण्णांच्या कानावर गेलं असतं, आणि अण्णांनी डबी उकिरड्यावर टाकली असती. गुण आला की मग सांगू, असं मी ठरवलं होतं. तिला बजावून सांगितलं, "बोटावर मावेल एवढीच घ्यायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तोंडाला, डोळ्याला हात लावायचा नाही. नंतर हात धुवायचे."

आईनं थोडी लावून बघितली. "आगं, गारगार वाटतंय. तेलापरीस बरं. पन ही तर खळ हाय," ती म्हणाली आणि हसली. त्यानंतर ती त्याला खळच म्हणायची. दोन दिवसांनी म्हणाली, थोडं हलकं वाटतंय. मी तिचे डोळे बघितले, जीभ बघितली. सगळं ठीक होतं. पुढल्या सुट्टीला मी परत आले तर तिनं ठरवूनच टाकलं होतं, की उद्या बाजारात जायचं, गाय बघायची, आणि बसून बघायची.

त्या सकाळी मी विहिरीवर गेले होते. परत आले तेव्हा आई चुलीपुढं पाय पसरून भाकरी थापत बसली होती, लुगडं घोट्यापर्यंत. बैलगाडीतून निघालो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. चैत्राचे दिवस, दोन वर्षं धड पाऊस नाही, रस्ताभर फुफाटा. वाटेत आईनं दोनदा पाणी मागितलं. मी तांब्या दिला. घसा मलाही सुकला होता, म्हणून त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

बाजारात पोचल्यावर अण्णा बैलांच्या बाजूला गेले. तिथं कुणाचा तरी बैल खुरात लंगडत होता आणि वैद्य दिसले की लोक सोडत नसत. मी आणि आई गायींत फिरलो. एका तांबड्या गायीपाशी आई थांबली. तिनं गायीच्या पाठीवरून हात फिरवला, लुगड्याचा काठ सावरला, आणि काही न धरता, तोंडातून आवाज न काढता, खाली उकिडवी बसली.

मला हुंदका आला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं की आजवर शिकले त्याचं सार्थक झालं. मनातल्या मनात मी अण्णांना सांगायला सुरुवातही केली होती, बघा, तुमच्या तेलानं नऊ वर्षांत झालं नाही ते.

आईनं पहिलं सड पिळलं, दुसरं पिळलं. तिसऱ्याला गाय जरा कंटाळली आणि बाजूला सरकली. आईचे हात मात्र तिथंच राहिले. दोन्ही मुठी वरखाली होत होत्या, एकामागून एक, नीट लयीत, आणि त्यांच्यात काहीच नव्हतं. गायीचा मालक हसला. मग त्याचं हसू थांबलं. "मावशी," तो म्हणाला, "गाय हिकडं हाय." आईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती कुणाशी तरी बोलत होती, आमच्यात नसलेल्या कुणाशी तरी, आणि जीभ टाळूला चिकटत असल्यानं शब्द अर्धेच बाहेर येत होते. तिचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. मी खांद्याला धरलं तर अंग कोरडं आणि कढत. ती माझ्या हातावर रेलली आणि तिथंच कलंडली.

माणसं जमली. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं वारं आलंय, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. चहावाल्यानं तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन खाली वाकले आणि तिचे डोळे बघितले. भर उन्हात, सूर्य समोर असताना, दोन्ही बाहुल्या इतक्या पसरल्या होत्या की डोळ्यातला तपकिरी रंग जवळजवळ दिसेनासा झाला होता. चार दिवस आरशात मी जे शोधत होते आणि सापडलं नव्हतं, ते हे होतं.

मला त्याच क्षणी कळलं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहिते आहे. मला त्याच क्षणी कळलं.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, काय खाल्लं-बिल्लं का हिनं? औशदपानी?"

"नाही," मी म्हणाले. "ऊनच लागलं असेल."

असं का बोलले याचा विचार मी पुष्कळ केला आहे. आईचा जीव जाईल ही भीती मनात नव्हती असं नाही. पण त्याच्याआधी, त्याच्या पुढं घुसून, अण्णांचा चेहरा आला. त्यांना कळणार, मी खोटं बोलले हे कळणार, माझं शिक्षण म्हणजे हात दाखवून अवलक्षण ठरणार. मग मी स्वतःला समजावायला लागले की खरंच ऊन असेल, इतकीशी जेल लावून असं होणं शक्यच नाही, मी स्वतः लावून बघितली आहे. अण्णांना बोलवायला माणूस गेला होता. तो येईपर्यंत मी आईच्या तोंडावर पाणी मारत होते, पदरानं वारा घालत होते, आणि गप्प होते. आई माझ्या पदराचे नसलेले धागे वेचत होती. पाव तास तरी गेला असेल. ती तापत चालली होती हे मला हाताला कळत होतं.

अण्णा आले. माणसं बाजूला झाली. ते खाली बसले, आईची एक पापणी वर केली, मग दुसरी. ओठ दाबून जीभ बघितली. मनगट धरलं. हे सगळं त्यांनी फार सावकाश केलं असं मला वाटलं, पण तसं नसणार. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "काय लावलं हिला?"

"जेल. माझी."

"त्यात काय हाय?"

"निरगुडी." आणि मग, "धोतरा."

भर बाजारात, इतक्या पुरुषमाणसांपुढं, त्यांनी आईचं लुगडं गुडघ्यांवर ओढलं. दोन्ही गुडघ्यांना जुनं फडकं करकचून बांधलेलं होतं. ते सोडलं तर आत एरंडाची पानं, गरम करून लावलेली, काळपट पडून कातडीला चिकटलेली. आणि पानाखाली माझी जेल, बोटाच्या जाडीची, अजून ओली. कडेला कातडी लाल झाली होती, विटेनं शेकल्यावर होते तशी.

मी ते पान बघत राहिले. आमच्या घरात औषध लावायचं म्हणजे हेच. पाय मुरगळला, पाठीत उसण भरली, गळू झालं, काहीही असो. लेप लावायचा, चुलीवर गरम केलेलं एरंडाचं पान वर ठेवायचं, फडक्यानं बांधायचं आणि तापल्या विटेनं शेकायचं. माझ्या स्वतःच्या घोट्याला आईनं असं दहा वेळा बांधलं असेल. उघडं सोडलेलं औषध म्हणजे तिच्या लेखी झाकण न ठेवता शिजवलेला भात. आज बसून गाय बघायची म्हणून तिनं जेल जाड थापून बांधली होती. मी तिला बोटभर घे सांगितलं, हात धू सांगितलं, आणि पान बांधू नको हे सांगायचं मला सुचलंच नाही. कानाचं कातडं मी उघड्यावर ठेवलं होतं. स्वतःच्या गुडघ्यालाही उघडंच लावलं होतं. वर पान, फडकं आणि शेक दिल्यावर किती औषध आत शिरेल हे मी एकदाही बघितलं नव्हतं. अण्णांचं तेल कातड्यातून उतरत नव्हतं म्हणून मी त्याला कमी लेखलं होतं. ते उतरत नव्हतं म्हणूनच तर अण्णांनी चोळून झाल्यावर नऊ वर्षं वर पान बांधूनही आई जिवंत होती.

"पानी आना," अण्णा म्हणाले. जनावरांच्या हौदातून बादल्या आल्या. मी दोन्ही हातांनी ते गुडघे धुतले, घासून घासून धुतले. एका व्यापाऱ्यानं नगरला निघालेल्या ट्रकमधून आपले दोन बैल खाली उतरवले आणि आईला वर घ्यायला सांगितलं. त्याची आमची ओळख नव्हती.

ट्रकमध्ये खाली कडबा पसरला होता. आईचं डोकं माझ्या मांडीवर, पाय अण्णांच्या मांडीवर. तिचे हात पुन्हा धार काढायला लागले होते. अण्णा मधूनमधून ओला पंचा तिच्या छातीवर ठेवत. त्या सबंध रस्त्यात ते माझ्याशी एकदाच बोलले. "डाक्टरला सगळं सांग. किती घातलं, काय घातलं. काय लपवू नगं." मी मान हलवली.

मी सगळं सांगितलं. डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. त्यांनी विचारलं, एका डबीत अर्क किती, आणि डबी किती संपली. अर्काचा आकडा मला तोंडपाठ होता. डबी अर्धी संपली होती, पण त्यातली आज किती आणि आधी किती हे फक्त आईला माहीत होतं, आणि आई त्या वेळी मला ओळखत नव्हती. ते म्हणाले, आत गेलेलं आता बाहेर काढता येत नाही, ताप चढू द्यायचा नाही आणि उतरायची वाट बघायची. तिची लघवी अडली होती, ती नळी घालून काढावी लागली. नाडी इतकी जलद चालली होती की मला मोजता येईना. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसतं लिहून घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं डोळे उघडले, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "गाय घेतली का?"

मी रडायला लागले. तिला वाटलं गाय हातची गेली म्हणून रडतेय. "जाऊ दी," ती म्हणाली, "फुडल्या बाजारी बघू." तिला काही आठवत नव्हतं. गाडीत बसल्यापासूनचं सगळं पुसलं गेलं होतं, एक गोष्ट सोडून. आपण गायीजवळ बसलो आणि गुडघा दुखला नाही, एवढं तिला पक्कं आठवत होतं. घरी आल्यावर येईल त्याला ती तेच सांगायची. मला ऊन लागलं, पन पोरीच्या खळीनं गुडघा कसा लोन्यावानी झाला. तिला खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा अण्णांनीच काहीतरी दुसरं काढलं.

कारखान्यात मी उरलेली सगळी जेल ओतून दिली. मालक हळहळले. ते म्हणाले, डबीवर ठळक छापू, बांधू नये, शेकू नये. मी म्हणाले, माझ्या आईला वाचता येत नाही. ते म्हणाले, सगळ्यांच्याच आया अशा नसतात. मी म्हणाले, आमच्याकडं सगळ्यांच्याच असतात. नोकरी सोडायचं मी मनाशी ठरवून टाकलं आणि ते सांगायला गावी गेले.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोडू नगं. पुन्ना कर."

"धोतरा घालून?"

"नगं. निरगुडीच घाल, फार तर रुई. पन पान बांधून बघ. मानसं बांधनारच. मी सांगून ऱ्हात न्हाईत, तुजं काय ऐकनार. बांधल्यावर काय हुतं ते आदी बगायचं. माज्यावर बग."

त्याप्रमाणं महिन्याभरानं मी नवीन डबी घेऊन आले. अण्णा ओसरीवर पाय पसरून बसले. त्यांच्या सांगण्यावरून मी जेल जाड थापली, आईकडून एरंडाचं पान गरम करून आणलं, फडकं बांधलं, वीट तापवून शेक दिला. आईला वाटलं अण्णांनाही आता गुडघ्यांचा त्रास सुरू झाला, आणि ती जरा खुशीतच होती. धोतरा नव्हता तरी मी घड्याळ समोर ठेवलं होतं. दर थोड्या वेळानं मी नाडी बघे, जीभ बघे, आणि तळहातानं त्यांचा डोळा झाकून मग एकदम उजेडात उघडा करी, बाहुली आक्रसते का ते बघायला. त्यासाठी अगदी जवळ जावं लागे. इतक्या जवळून मी माझ्या वडिलांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला, मी अशी वाकलेली असताना, ते हळूच म्हणाले, "बाजारात तुला आदीच कळलं हुतं. मी यायच्या आदी."

तो प्रश्न नव्हता. माझा हात त्यांच्या कपाळावर तसाच राहिला.

"हो," मी म्हणाले.

"डोळं बगून?"

"हो."

आत आई भांडी घासत होती, तिचा आवाज येत होता. अण्णांनी गुडघ्यावरचं फडकं चाचपून बघितलं. मला वाटलं, आता बोलतील, आणि जे बोलतील ते मला जन्मभर पुरेल.

"तिला कंदी सांगू नगं," ते म्हणाले. "रोज इचारती मला, पोरीचं औशद झालं का म्हनून. दुसऱ्या कुनाच्या हातचं आता लावूनच घेत न्हाई. माज्या बी न्हाई."

मी मान खाली घातली. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली आणि दुसरा डोळा पुढं केला. मी तो झाकला, उघडला. बाहुली नीट आक्रसली. मी तसं वहीत लिहिलं आणि वीट पुन्हा तापवायला आत गेले.